काही नाही, गॅस झालाय

महालक्ष्मी एक्सप्रेसचा स्लीपर डबा. सातारा मागे पडून बराच वेळ झाला होता, निळा दिवा तेवढा चालू होता, आणि साइड लोअरवर झोपलेले काका एकाएकी उठून बसले. तोंड उघडं, दोन्ही तळवे बर्थवर रोवलेले, खांदे वरखाली होताहेत, गळ्यातून एक बारीक शिट्टी आणि तिच्याखाली ओलसर खरखर. मी पाण्याची बाटली चाचपत उठले, तोवर माझ्या समोरच्या बर्थवरच्या काकू त्यांच्यापाशी पोचल्याही होत्या. चपला न घालता. त्यांनी खिडकीचं शटर वर केलं, काकांचे पाय धरून खाली सोडले, उशाची बॅग पाठीशी उभी केली, चादरीची गुंडाळी करून मांडीवर ठेवली, म्हणजे कोपरं टेकून पुढे वाकता यावं. सगळं अंधारात, एक शब्द न बोलता. मी बाटली पुढे केली तर हातानंच थांबवलं, “आत्ता नको, ठसका लागंल.” मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चोळत नव्हत्या, थोपटत नव्हत्या, नुसता हात. हळूहळू शिट्टी थांबली, खांदे खाली आले, काका खिडकीला डोकं टेकून बसल्या बसल्या पेंगले. काकू परत येऊन आडव्या झाल्या आणि मला वाटतं, लगेच झोपल्यासुद्धा.

मला झोप येईना. कुणाला अशी धाप लागलेली बघितली की आपलाही श्वास अडकतो, तसं झालंच होतं. पण डोक्यात राहिले ते काकूंचे हात. त्या हातांना क्रम पाठ होता. आधी खिडकी, मग पाय, मग पाठ. एका रात्रीत येणारी ही गोष्ट नव्हे.

कल्याणच्या आसपास चहावाला आला. काका ताजेतवाने, दाढीचे खुंट कुरवाळत बसलेले. “रात्री फार त्रास झाला का हो?” असं मी विचारलं तर हसले. “काय न्हाई ओ ताई, गॅस झालाय. पिठलं जरा जास्त झालं.” काकू खिडकीबाहेर बघत होत्या. काकांनी मोजे काढून पाय चोळायला घेतले तेव्हा दिसलं, मोज्याच्या इलॅस्टिकनं घोट्याच्या वर खोल वळ पडला होता आणि तो भरून येत नव्हता. दादर यायच्या आधी दाराशी सामान लावताना मी काकूंच्या कानाशी म्हटलं, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तुम्ही सोबत जा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी काही फारच अडाणी बोलले असावे.

“मी जातीच की ओ. बोलत्यात हे.”

फलाटावर मुलगा आला होता. काका त्याला म्हणाले, मस्त झोप लागली.

या धापेची मोठी अडचण अशी की ती डॉक्टरांची वेळ पाळत नाही. रात्री दीडला मरण समोर उभं करते आणि सकाळी दहाला दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस पेपर वाचत असतो. नाडी ठीक, चेहरा ठीक. डॉक्टरांच्या हाती राहतं ते फक्त सांगणं, आणि सांगणारा नेमका तो असतो ज्याला रात्रीचं काही आठवायचं नसतं. जागं राहून सगळं पाहिलेलं माणूस शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन गप्प बसलेलं असतं.

हे रात्रीच का होतं, त्यामागचं कारण मात्र सरळ आहे. दिवसभराच्या उभ्या-बसल्यानं पायांत पाणी उतरतं. आडवं झालं की ते परत रक्तात शिरतं आणि हृदयाकडे येतं. धडधाकट हृदय तेवढा वाढीव भार सहज पुढे ढकलतं. डावी बाजू दमलेली असेल तर रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांतला दाब वाढतो आणि बारीक केशवाहिन्यांमधलं पाणी हवेच्या जागेत झिरपायला लागतं. त्यात झोपेत मेंदूतलं श्वासाचं केंद्रही सुस्तावलेलं, ते वेळेवर हाक देत नाही. झोप लागून तास-दोन तास झाले की मग एकदम देतं. पाय खाली सोडले की रक्त पायांत राहतं आणि फुप्फुसांवरचा दाब उतरतो. काकूंना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नसणार. त्यांनी करून पाहिलं, उतार पडला, म्हणून पुढच्या वेळी तेच केलं. दम्यातही रात्रीच जाग येते, बहुतेक पहाटे तीन-चारच्या सुमाराला, आणि छातीतली शिट्टी दोन्हीकडे ऐकू येते. म्हणून तर हृदयाच्या या धापेला जुने डॉक्टर हृदयाचा दमा म्हणत आले.

आता गॅसबद्दल. महाराष्ट्रात छातीच्या आत जे जे होतं त्याचं नाव गॅस. छातीत दुखलं, गॅस. डावा हात जड झाला, गॅस वर चढला. यावर हसावं तर मलाही एकदा खरंच तसं झालं होतं. लग्नाचं जेवण, वर मठ्ठा, घरी येऊन लगेच आडवी झाले आणि तासाभरात गळा कुलूप लावून बंद झाला. आत घ्यायला जावं तर नुसता किंकाळीवजा आवाज, हवा नाही. मिनिटभरच असेल. मग आपोआप सुटला आणि तोंडात आंबट पाणी. पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला लागलं की ते असं मिटून घेतं, एवढं कारण. म्हणजे दहांतल्या एखाद्या काकांचं म्हणणं बरोबरही असतं. म्हणूनच बाकीच्यांना ते इतकं सोयीचं पडतं.

आमच्या घरात रात्रीची साक्षीदार मी. नवरा घोरतो, ते सवयीचं झालंय. भीती घोरणं थांबतं त्याची. चांगला लयीत चाललेला आवाज मध्येच तुटतो, पोट हलतंय पण हवा नाही, मी अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघते आहे, आणि मग एकदम हूंऽक करून मोठा श्वास, कूस बदलणं, पुन्हा लय. दहा सेकंदांहून मोठा असा प्रत्येक खंड डॉक्टर मोजतात. त्याच्या तपासणीत तासाला मोजले तेव्हा आकडा पाहून तो गप्प झाला, कारण त्याच्या मते तो रात्रभर शांत झोपत होता. घशाचे स्नायू ढिले पडून वाट मिटते, बाकी काही नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावाटे हलक्या दाबानं हवा सोडून ती वाट उघडी ठेवायची युक्ती छापली. सुरुवातीच्या यंत्रांत म्हणे व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती. आमचं यंत्र बरंच सभ्य आहे, पण मास्क लावून झोपलेल्या नवऱ्याकडे बघून पहिल्या रात्री मला जे हसू फुटलं त्याबद्दल त्यानं अजून माफ केलेलं नाही.

लहानपणी आम्ही विहिरीत दम धरायची पैज लावायचो. कुणाचं डोकं शेवटी वर येतं ते बघायचं. पोरं बुडी मारायच्या आधी भराभर दहा-वीस मोठे श्वास घ्यायची, जास्त हवा भरून घेतो म्हणायची. हवा फारशी जास्त भरत नाही, हे नंतर कळलं. ‘आता वर ये’ असं शरीर ओरडतं ते ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वासांनी तो आधीच उडवून टाकला तर शरीर ओरडायलाच उशीर करतं, तेवढ्यात ऑक्सिजन उतरतो आणि पोहणारा पाण्याखाली शुद्ध हरपतो. आम्ही सगळे वर आलो ते केवळ नशिबानं.

हे गणित २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, घरोघर उलगडलं. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, लावलेला, आकडा ऐंशीच्या खाली, आणि माणूस फोनवर ऑफिसचं बोलतोय. फुप्फुसं सुजली तरी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून आतला भोंगा वाजत नाही. तो चिमटा ज्या तत्त्वावर चालतो ते १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलं. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, जेव्हा सगळं जग त्यांचं यंत्र औषधाच्या दुकानात शोधत होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतून एक अभ्यास आला की काळ्या त्वचेच्या रुग्णांत हा चिमटा खरी घट जास्त वेळा चुकवतो. आमच्या गल्लीत तेव्हा एकच ऑक्सिमीटर होता, सॅनिटायझरनं पुसून या घरातून त्या घरात फिरायचा. लोक आकडा सांगत, माणूस कसा आहे ते सांगत नसत. आमचे जुने फॅमिली डॉक्टर फोनवर आकडा ऐकून घेत आणि मग म्हणत, पेशंटला फोन द्या. पेशंटला म्हणत, पूर्ण नाव सांगा, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, एका दमात. जो तालुक्यापाशी थांबून श्वास घ्यायचा त्याला ते लगेच हलवायला लावत.

भाचीचं प्रकरण वेगळं. पुण्यात नोकरी, वय पंचविशीचं. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या श्वास पुरेना, ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडलेली, आता मरतेच असं वाटलं. ईसीजी चांगला, रक्त चांगलं. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडून निकाल दिला, “टेन्शन आहे, बाकी काही नाही.” तिला त्यातल्या ‘काही नाही’चा भयंकर राग आला होता आणि मला तो पटला. भीतीनं श्वास भराभर होतो, कार्बन डायऑक्साइड उडतो, त्यानंच मुंग्या येतात, बोटं वळतात. हे सगळं खरोखर शरीरात घडत असतं. हल्ली कागदी पिशवीत श्वास घ्यायलाही सांगत नाहीत, कारण खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा झटका असेल तर पिशवी जीव घेईल. तिला मी एक गंमत सांगितली. उसासा आपण दुःखानं टाकतो असं वाटतं, पण प्रत्येक माणूस तासाला दहा-बारा उसासे नकळत टाकतच असतो, मिटलेले वायुकोश उघडण्यासाठी. मेंदूतल्या ज्या इवल्या गाठीतून ही सगळी लय निघते तिच्या नावात ‘ब्योट्झिंगर’ आहे आणि ते जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून दिलेलं आहे. ती हसली. मग म्हणाली, मावशी, पण तेव्हा मला खरंच वाटलं होतं. मी म्हटलं, माहीत आहे.

सगळ्यात जास्त विचार मला आचक्यांचा पडतो. गेल्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये एक प्रशिक्षण झालं, रबरी धड टेबलावर ठेवलेलं. शिकवणारी मुलगी म्हणाली, माणूस एकाएकी कोसळला, हाक मारली तर ओ नाही, आणि मधूनमधून आ वासून हवा ओढतोय, तर लोकांना वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नाही. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं मेंदूचा तळ असे आचके देत राहतो. तेव्हाच छाती दाबायला घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. मागच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ अस्वस्थ झाले. “अहो, आचके देणाऱ्याची छाती दाबायची? बरगडी मोडेल.” ती म्हणाली, “मोडू दे काका.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली ती मला कळली. आपल्याकडे ऊर्ध्व लागला म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कॉटवरून खाली घ्या, तुळशीचं पान, गंगाजळ, मुलांना बोलवा. माझी आजी अशीच गेली. नव्वदी ओलांडलेली, महिनोन्महिने विझत आलेली, तिच्या छातीला कुणी हात लावलेला मला चालला नसता. तिच्या ओठांवर थेंब सोडताना माझा हात थरथरला नाही, याचं आजही बरं वाटतं. पण बॅडमिंटन खेळताना पडलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाभोवतीही लोक तेच करतात. डोकं मांडीवर घेतात, तोंडात पाणी घालतात, ते पाणी श्वासनळीत उतरतं, आणि ‘अजून श्वास चाललाय’ असं एकमेकांना सांगत रिक्षाची वाट बघतात. एकच आवाज, दोन ठिकाणी दोन उलट कामं सांगतो. कुठलं कोणतं हे त्या क्षणी ओळखायचं म्हणजे सोपं नाही. त्या हॉलमध्ये रबरी छाती दाबून मनगटं दुखवून घेतल्यावरही मला ते सोपं वाटत नाही.

काकूंमुळे मला खरं तर आत्ती आठवली होती. वाळवा तालुक्यातलं तिचं घर, पुढे सोपा, बाजूला गोठा. तिला दुसऱ्या बाळंतपणात धाप लागायला लागली ती गेलीच नाही. रात्री घरातली सगळी वाकळा ओढून झोपली की ती उठून सोप्यात यायची आणि खांबाला पाठ लावून बसायची. सुट्टीत आम्ही पोरं तिथंच झोपायचो, मध्येच जाग आली की आत्ती बसलेली दिसायची आणि आम्हाला त्याचा आधार वाटायचा. तिला किती त्रास होत असेल असं कधी मनात आलं नाही. सोप्यात बसून तिला अख्ख्या वस्तीची खबर असायची. कोण किती वाजता पिऊन घरी आला, उसात कोल्ही कधी ओरडली, म्हैस कधी व्यायली. एकदा विहिरीवरच्या मोटरीची वायर कापायला आलेल्यांना तिनं पत्र्यावर काठी आपटून पळवलं होतं, ओरडायला दम नव्हता म्हणून.

घरानं तिला दमा ठरवला होता. अडुळशाचा काढा झाला. (अडुळशात दम आहे बरं का, खोकल्याच्या गोळ्यांतलं ब्रोमहेक्झिन त्याच्यातल्याच घटकावरून बनवलंय.) कोजागिरीच्या चांदण्यातली औषधाची खीर झाली. एका मृगाला मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, तिला हैदराबादला घेऊन गेले. तिथं बत्तिनी घराण्याचे लोक जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतात, दुरून दुरून माणसं येतात. आत्ती पुढं कितीतरी वर्षं तो प्रसंग रंगवून सांगायची, मासा घशातून खाली कसा वळवळत गेला ते. धाप तशीच राहिली. कुणीतरी दम्याचा तोंडात मारायचा पंप सुचवला तर मामा म्हणाले, पंपाची सवय लागते. तिच्या बाबतीत पंपानं तसंही काही झालं नसतं.

शेवटी मिरजेला एका डॉक्टरांकडे नेलं. मामा नेहमीप्रमाणे सांगायला लागले, “जुना दमा हाय.” डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं आणि आत्तीकडं वळून विचारलं, “झोपताना किती उशा घेता?” वडिलांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही खूप हसलो होतो, एवढा मोठा डॉक्टर आणि उशा विचारतो. आत्ती म्हणाली, “उशी कशाला ओ, म्या बसतीच की.” डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळायला लावलं, नळी छातीला लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकलं, आणि मग विचारलं, लहानपणी घसा येऊन सांधे सुजले होते का. सुजले होते. घशातल्या जंतूंशी लढायला शरीरानं काढलेली हत्यारं स्वतःच्याच हृदयावर चालतात, आणि पुढं वर्षानुवर्षं डाव्या बाजूची झडप आवळत जाते. ती उघडल्यावर वाट असायला हवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर, आत्तीची एकाच्या आत आली होती. बाळंतपणात रक्त दीडपटीच्या घरात वाढलं आणि त्या फटीतून मावेना. सगळं तिच्याकडं होतं. सांधे, बाळंतपण, रात्रीचं बसणं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि मामा वाईट माणूस नव्हते. ते खरोखर काळजीनंच तिच्या वतीनं बोलत आले होते.

परळच्या केईएममध्ये तिची झडप फुग्यानं उघडली. जांघेतून नळी घालतात, हृदयाच्या पडद्याला भोक पाडून पलीकडं जातात आणि झडपेत फुगा फुगवतात, मध्ये कंबर असलेला, डमरूसारखा. जपानच्या कान्जी इनोउए यांनी १९८२ साली तो पहिल्यांदा वापरला. फुगा काही सेकंद फुगतो, एवढंच काम. पुढं मात्र दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि ते इतकं दुखायचं की आत्ती मरळ मासा परवडला म्हणायची.

गावी परतल्यावर ती सोप्यात न येता आत पसरून झोपली आणि थेट उजाडल्यावर उठली. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी मामांशी भांडण. “म्या आशी मेल्यावानी झोपले तर रातीला म्हशीकडं बघायचं कुणी?” मामांनी संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरून कुत्र्याचं पिल्लू आणलं.